गांजा आणि कोवळे वय

या महिन्याचा पाठ नेहमीच्या वळणाचा नाही. ओवी घ्यावी, तिचा अन्वय लावावा, दृष्टांत द्यावा, असे यात काही नाही. संध्याकाळी हरिपाठ झाल्यावर घरातली माणसे अजून जागची उठलेली नसतात, तेवढ्या वेळात बारा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींसमोर हा मोठ्याने वाचावा, एवढीच विनंती. मुले मध्येच काही विचारतील. विचारू द्यावे. त्यांच्या शंकांना धाकाने गप्प बसविल्याचा परिणाम काय होतो, तो मी स्वतः भोगला आहे. म्हणून आधी तेच सांगतो.

माझ्याकडे गावातली दहा-बारा पोरे पखवाज शिकायला येतात. त्यांत एक होता. नाव सांगत नाही. नववीत असतानाच त्याने भजनी ठेका असा धरला होता की जुने टाळकरी मान डोलवीत. दहावी झाली, पोरगा तालुक्याच्या कॉलेजात एसटीने जाऊयेऊ लागला, आणि वर्षभरात त्याच्या हातातले काहीतरी निसटले. चार आवर्तने नीट जायची, मग एखादी मात्रा लांबायची. समेवर यायचा तो उशिराच. पाठ असलेले बोल विसरायचा आणि विसरलो याचे त्याला काही वाटायचेही नाही. मी म्हटले, वयच असे आहे, मोबाइलचा नाद असेल. तीन वर्षांपूर्वीच्या आषाढीत लोणंदच्या मुक्कामी रात्री सामानाच्या ट्रकमागे गेलो, तर हा दोघा-तिघांबरोबर बसलेला. चिलमीभोवती ओले फडके गुंडाळलेले, आणि तो उग्र वास, जो एकदा नाकात गेला की पुन्हा ओळखावा लागत नाही.

मी काय केले? थोबाडीत दिली. म्हटले, “माळ घातलीस ना रे गळ्यात?” तो गाल धरून म्हणाला, “बुवा, हा तर शंकराचा प्रसाद आहे. आणि तुमच्या कनवटीला काय आहे?”

माझ्या कनवटीला तंबाखूची चंची होती. चाळीस वर्षे होती. उत्तर सुचले नाही म्हणून मी दुसरी दिली. पोरगा पहाटेच्या एसटीने दिंडी सोडून घरी गेला आणि पुढे चार महिने माझ्या दारात आला नाही.

त्या चार महिन्यांत मी विचारपूस केली, डॉक्टरांकडे बसलो, वाचले. जे कळले ते येथे मांडतो.

पहिल्याने वस्तू कोणती ते पाहू. भांग, गांजा आणि चरस या तीन वस्तू एकाच झाडाच्या. या झाडात नर आणि मादी वेगळे असतात. मादीच्या फुलोऱ्याचे शेंडे वाळविले की गांजा, त्यावरचा चिकट राळेसारखा रस गोळा केला की चरस, आणि पाने वाटली की भांग. कैफ ज्याने येतो ते द्रव्य इस्रायलमधील शास्त्रज्ञ राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी १९६४ साली शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्याला टीएचसी म्हणतात.

आता प्रश्न असा पडतो की एका झाडाचा रस माणसाच्या मेंदूत जाऊन बसतो कसा? कुलूप असल्याशिवाय किल्ली लागत नाही. १९८८ साली ते कुलूप मेंदूत सापडले. मग शास्त्रज्ञांना वाटले, देहाने हे कुलूप काही गांजासाठी केलेले नसणार. देहाची स्वतःची किल्ली कुठेतरी असलीच पाहिजे. ती १९९२ साली मेशुलाम यांच्याच प्रयोगशाळेत सापडली, आणि तिला नाव देताना त्यांनी आपल्या संस्कृतातला ‘आनंद’ हा शब्द उचलला. ‘आनंदामाइड’ असे तिचे नाव आहे. वाचताना मी थबकलो. हे द्रव्य म्हणजे ब्रह्मानंद नव्हे, हे आधीच सांगतो. नाहीतर उद्या कोणी कीर्तनात तसे ठोकून देईल. पण भूक, झोप, भय, वेदना, आठवण या सगळ्यांचे माप राखण्याच्या कामी देह हे द्रव्य स्वतःच तयार करतो, एवढे खरे.

शेतकऱ्याला हे लवकर समजेल. आपण पाटाला दारे धरतो तेव्हा वाफा भिजेपर्यंतच पाणी सोडतो. भरला की दारे मोडून पाणी पुढच्या वाफ्याला. देह असेच करतो. हवे तिथे, हवे तेवढे द्रव्य सोडतो आणि काम झाले की लगेच मोडून टाकतो. गांजा ओढला म्हणजे पाटाचा बांधच फुटतो. पाणी एकदम सगळ्या शेतात, नको त्या वाफ्यातही, आणि तासन् तास. मेंदूत नवी आठवण जिथे बसते तिथे ही कुलपे दाट आहेत, आणि हातापायांच्या हालचाली व त्यांचा काळ जिथे सांभाळला जातो तिथेही दाट आहेत. गांजाच्या अमलात काळ लांबल्यासारखा वाटतो. एक घटका दोन घटकांसारखी भासते. तेव्हा मला त्या लांबलेल्या मात्रेचा उलगडा झाला. पोरगा आळशी झाला नव्हता, त्याच्या आतले घड्याळच बिघडविले जात होते.

हे मोठ्या माणसाच्या मेंदूतही होते. मग कोवळ्या वयाचे एवढे काय? तर मेंदू पिकायला वेळ लागतो. उंची सतरा-अठरापर्यंत पुरी होते, मिशी फुटते, म्हणून आपण म्हणतो पोरगा मोठा झाला. पण कपाळामागचा भाग, जो पुढचा विचार करतो आणि मनाला ‘थांब’ म्हणतो, तो पंचविशीच्या सुमारापर्यंत घडत असतो. या वर्षांत मेंदू नको असलेल्या वाटा मोडतो आणि रोजच्या वापराच्या वाटा पक्क्या करतो, आणि या कामात वर सांगितलेली कुलपे भाग घेतात. भिंत चढत असताना चिखलात पाणी ओतणे आणि भिंत वाळल्यावर ओतणे, यांत फरक आहे तो आहेच.

आता शंका. या मुलांनीच मला विचारलेल्या आहेत.

शंका : बुवा, सगळेच घेतात.

सगळे घेत नाहीत. दिल्लीच्या एम्सने देशभर पाहणी करून २०१९ साली अहवाल दिला. त्यात १० ते ७५ वयाच्या लोकांत भांग, गांजा, चरस मिळून वर्षभरात घेणारे २.८ टक्के, म्हणजे सुमारे ३ कोटी १० लाख निघाले. १० ते १७ वयाच्या मुलांत ०.९ टक्के, म्हणजे सुमारे २० लाख. वीस लाख हा आकडा लहान नाही. त्या वीस लाखांतला एक माझ्याकडे पखवाज शिकत होता. पण शंभर मुलांत एकही पुरता भरत नाही, हेही त्यातच आले. ‘सगळे’ म्हणजे तुझ्याभोवती बसलेले चौघे. चिलीम फिरते त्या गोलात बसले की जग तेवढेच दिसते.

शंका : ही तर वनस्पती आहे, आणि शंकराला चालते.

शंकराचा अनादर वारकऱ्याला शिकवू नये. आपल्या विठ्ठलाने मस्तकावर शिवलिंग धरले आहे, आणि निवृत्तिनाथांची परंपरा नाथांची, आदिनाथापासूनची. पण मुलांनो, महादेवाला आपण आणखी काय वाहतो? धोत्र्याचे फूल आणि फळ. तीही वनस्पतीच. धोत्र्याचे फळ प्रसाद म्हणून खाणारा कोणी पाहिला आहे का? खाल्ले तर दवाखान्यात न्यावे लागते. ज्या देवाची गोष्ट सांगता त्याने हलाहल पचविले, तेही जग वाचावे म्हणून. आधी ते पचवून दाखवा, मग चिलमीचे बोलू. आणि तुकोबारायांच्या गाथ्यात कलियुगातल्या दांभिक संतांचे वर्णन आहे, त्यात तंबाखूची नळी आणि भांग एकाच पंक्तीला बसविली आहे. तंबाखूचे नाव तेथे पाहून मी पान मिटले होते, हे कबूल करतो.

शंका : इंग्रजांच्या कमिशनने गांजा निर्दोष ठरविला होता. परदेशात तर कायद्याने मोकळा आहे.

पोरे वाचतात हे चांगले आहे, पण अर्धे वाचतात. १८९३-९४ साली हिंदुस्थानात असे कमिशन बसले होते खरे. त्याने म्हटले की बेताने घेणाऱ्यांना सहसा मोठा अपाय होत नाही, आणि अतिरेकाने होतो. अगदी बंदी नको, कर आणि परवाना ठेवावा, असा त्याचा कल होता. पण ते बोलत होते त्या काळच्या मोठ्या माणसांविषयी, आणि तेव्हाच्या गांजाविषयी. माल आता तोच राहिला नाही. अमेरिकेत पोलिसांनी पकडलेल्या मालाची तपासणी वर्षानुवर्षे होते. तिथे १९९५ साली टीएचसीचे प्रमाण सुमारे ४ टक्के होते, ते २०१४ पर्यंत सुमारे १२ टक्के झाले. परदेशाचे म्हणाल तर कॅनडाने २०१८ साली मोठ्यांसाठी गांजा मोकळा केला, परंतु तिथेही बहुतेक प्रांतांत एकोणीस वर्षांखालच्याला विकत मिळत नाही. कुठे अठरा, एका प्रांतात तर एकवीस. ज्यांनी दार उघडले त्यांनीही पोरांसाठी कडी लावूनच ठेवली. याचे कारण त्या मुलाला विचारले, तर तो गप्प झाला.

शंका : गांजाचे व्यसन लागत नाही, दारूचे लागते.

लागते. सगळ्यांना लागत नाही, हे खरे आहे आणि ते खरेच सांगावे. नाहीतर मुलगा आपल्या ओळखीचा एक न लागलेला दाखवून आपले सगळेच बोलणे खोटे पाडतो. जे घेतात त्यांत अदमासे अकरांत एकाला ते चिकटते. किशोरवयात सुरू करणाऱ्यांत अदमासे सहांत एकाला. सोडायला गेले की पहिल्या दिवसा-दोन दिवसांत चिडचिड, झोप न लागणे, अन्न नकोसे होणे, घाबरे होणे असे सुरू होते. आठवडाभर ते चढते आणि दोन-तीन आठवड्यांत उतरते. जिवावर बेतणारे नाही, पण ज्याने सोसले त्याला विचारा.

शंका : डोके शांत होते. परीक्षेचे भय जाते.

ही शंका मात्र हसण्यावारी नेऊ नये. मुलाला काहीतरी छळते आहे, असे तो यातून सांगत असतो. दोन-चार तास भय बाजूला होते, हेही खरे. पण परीक्षा जागच्या जागी असते, आणि नवी आठवण बसविणारा वाफा तर पाण्याखाली. काहींना शांत होण्याऐवजी उलटे होते. छाती धडधडते, कोणी आपल्या वाईटावर आहे असे वाटू लागते. स्वीडनमध्ये १९६९-७० साली सैन्यभरतीला आलेल्या ४५ हजारांवर तरुणांची माहिती घेऊन पंधरा वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. अठरापर्यंत पन्नासांहून अधिक वेळा गांजा घेतलेल्यांत स्किझोफ्रेनिया हा मनाचा कठीण आजार न घेतलेल्यांच्या सहापट आढळला. १९८७ साली हे प्रसिद्ध झाले. यात घरची परिस्थिती, आधीचा स्वभाव असे दुसरे धागेही आहेत, आणि तो आजार एकूणच थोड्यांना होतो. पण ज्या घरात चुलता, मामा, आजी कोणाला असा आजार झालेला आहे, त्या घरच्या मुलाला तरी हे एकांतात बसवून नीट सांगावे. आपण घराण्यातला वेडा लपवितो, त्याची किंमत पुढचे पोर देते.

बुद्धीविषयीही एक अभ्यास आहे. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन गावी १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारभर मुलांना मोठे होईपर्यंत पाहिले. किशोरवयात सुरू करून पुढे घेत राहिलेल्यांची बुद्धिमापनातली पातळी आठ अंकांपर्यंत उतरल्याचे २०१२ साली सांगितले गेले. मात्र जुळ्या भावंडांची तुलना करणाऱ्या २०१६ सालच्या अभ्यासात तो उतार गांजानेच आला असे दिसले नाही. म्हणून ‘गांजा ओढशील तर गाढव होशील’ असे छातीठोक सांगू नये. शिकण्याच्या वर्षांत आठवण आणि लक्ष यांना तो आडवा येतो, एवढे सिद्ध आहे, आणि अकरावी-बारावीच्या मुलाला एवढे पुष्कळ आहे.

कायद्याचे थोडक्यात सांगतो. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने गांजा आणि चरस बाळगणे गुन्हा आहे. एक किलोपर्यंतच्या गांजालाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अठरा वर्षांखालच्या मुलाला अमली पदार्थ देणाऱ्याला बालन्याय कायदा, २०१५ प्रमाणे सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मुलाच्या हातून पुड्या पोहोचविणाऱ्यालाही तेवढाच. ‘पोरगा आहे, त्याला कोण पकडतो’ म्हणून मुलांच्या दप्तरातून माल जातो, हे आईबापांनी लक्षात ठेवावे. आणि मुलाने तर फार लक्षात ठेवावे की ज्याला तो मित्र म्हणतो त्याला त्याचे दप्तर हवे असते. मात्र भीती नको एवढी की उपचारालाच कोणी जाणार नाही. व्यसनात सापडलेला आपण होऊन उपचाराला गेला, तर सेवनाच्या किंवा थोडा माल बाळगल्याच्या गुन्ह्यातून त्याला सोडविण्याची तरतूद त्याच १९८५ च्या कायद्यात आहे.

आता चार महिन्यांनंतरचे. मी चंची आधी टाकली. टाकली म्हणजे काय, दोनदा टाकली आणि दोनदा पुन्हा बांधली. तिसऱ्यांदा टिकली. सकाळी उठल्यावर हात आपोआप कनवटीला जायचा. बायको म्हणाली, “आता कळलं का पोरानं काय सोसायचं ते?” कळले. तंबाखू मळणाऱ्या कित्येक विणेकऱ्यांना, टाळकऱ्यांना माझे हे लिहिणे आवडणार नाही. पण पोरे आपले बोलणे कमी आणि कनवट जास्त बघतात.

मग त्याच्या घरी गेलो. तो ओसरीवरून उठून आत जायला लागला, तेव्हा त्याची आई म्हणाली, “बुवा आलेत रे, बस की.” मी गांजाचे नाव काढले नाही. मारले ते चुकले, एवढे म्हटले आणि चहा घेतला. तिसऱ्या खेपेला तो आपणच बोलला. कॉलेजात पहिले दोन महिने त्याच्याशी कोणी बोलत नव्हते. गावाकडची भाषा, माळ, बुक्का, सगळ्याची थट्टा व्हायची. स्टँडमागच्या त्या पोरांनी त्याला नावाने हाक मारली आणि बाकावर सरकून जागा दिली. “बुवा, मला चिलीम नको होती,” तो म्हणाला, “मला बसायला जागा पाहिजे होती.”

हे ऐकल्यावर मला आमच्या दिंडीची आठवण झाली. पंधरा वर्षांचा मुलगा आमच्याबरोबर चालतो तेव्हा त्याच्याकडे काय काम असते? पाण्याचा ड्रम भर, तंबूच्या खुंट्या ठोक, आणि रात्री मोठ्यांच्या गप्पांत बसलास तर ‘जा रे, झोप’. मग तो ट्रकमागे जातो. तिथे त्याला कोणी जा म्हणत नाही.

त्याने विचारले, “माळ काढून ठेवू का? मी आता त्या लायकीचा नाही.” मी म्हटले, “माळ राहू दे. सांभाळायची आहे, एवढंच ध्यानात ठेव.” त्याला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांकडे नेले. गांजा सोडविणारे खास औषध अजून नाही. समुपदेशकाशी बोलणे, घरच्यांना बरोबर घेणे आणि दिवस भरून काढणे, हाच उपाय आहे. ज्यांना जवळ कोणी नाही त्यांनी १४४४६ या व्यसनमुक्तीच्या राष्ट्रीय क्रमांकावर किंवा मनाच्या त्रासासाठी १४४१६ वर फोन करावा. दोन्हींना पैसे पडत नाहीत. फार अडकलेल्यांसाठी भरती होण्याची केंद्रेही आहेत. पुण्याचे मुक्तांगण १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केले, तेथे वारकरी घरांतलीही माणसे जाऊन आली आहेत. जाण्यात लाज नाही. गुडघा दुखला तर आपण हाडांच्या डॉक्टरांकडे जातोच की.

पहिला आठवडा वाईट गेला. रात्री झोप नाही, आईवर खेकसणे, जेवण नको. मी पहाटे चारला त्याच्याकडे जाऊन पखवाज मांडायचो. नाहीतरी जागाच असायचा. पहिल्या दिवशी त्याने थाप मारली आणि पखवाज ढकलून दिला. मी पुन्हा त्याच्या पुढ्यात ठेवला. दिवाळीत तो एकदा घसरला. स्वतःच येऊन सांगितले. मी काही बोललो नाही. खरे म्हणजे राग आला होता, पण तोवर माझाही हात दोनदा कनवटीला गेलेला होता.

स्टँडमागच्या पोरांना त्याने एकदम तोडले नाही. एका रात्रीत तोडा म्हटले तर पोर एकटे पडते आणि पुन्हा तिथेच जाते. कॉलेज सुटल्यावर थेट एसटी धरायची, आणि गावात उतरल्यावर त्याच्या हवाली लहान मुलांचा वर्ग करायचा, असे आम्ही ठरविले. सात पोरे आता त्याच्याकडून हात मांडायला शिकतात. दिंडीतही दोन वर्षांपासून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना चालीचे भजन आणि रात्रीच्या हरिपाठाचा एक भाग नेमून दिला आहे. काही वयस्कर मंडळींनी कुरकुर केली की बेसूर होते. होते. ट्रकमागे मात्र आता फक्त ट्रकवाला झोपलेला असतो.

गेल्या कार्तिकीला त्याने पंढरपुरात दुसऱ्या रांगेत पखवाज धरला. एखादी मात्रा अजून कधी कधी लांबते. तेव्हा मी माझा टाळ त्याच्या जवळ नेऊन जरा जोराने वाजवतो, आणि तो हसून समेवर येतो.